खवलचोर : पंचगंगेतील अल्पपरिचित माशाची ओळख

नदीच्या मासळीच्या पाटीत मोठे मासे वर मांडलेले असतात आणि बारीक मासळी खाली एकत्र पडलेली असते. पंचगंगेच्या काठावरील बाजारात या बारीक मासळीत चपट्या अंगाचा, चांदीसारखा चकाकणारा, बिनखवल्यांचा आणि तोंडाभोवती बारीक मिशा असलेला एक लहान मासा अनेकदा दिसतो. त्याची लांबी वीतभरही नसते. घेणारा त्याचे नाव विचारत नाही आणि विकणाऱ्यालाही ते सांगण्याची गरज वाटत नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र भारतातील गोड्या पाण्याच्या माशांत त्याचे स्थान आगळे आहे. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाणे ही त्याची खासियत. मच्छीमारांनी त्याला ‘खवलचोर’ म्हटले आणि शास्त्रज्ञांनीही तेच नाव जसेच्या तसे स्वीकारले. पॅकिप्टेरस खवलचोर या त्याच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द अस्सल मराठी आहे.

या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केले. १९५२ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात त्यांचा दख्खनमधील माशांच्या एका नव्या प्रजातीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. (जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत एकमेकांना जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात, व्यवहारात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून बराच गोंधळ होतो.) कुलकर्णींनी या माशासाठी निओट्रोपियस ही प्रजाती नव्याने स्थापन केली आणि जातीचे नाव ठेवले खवलचोर. मत्स्यव्यवसाय खात्यात काम करणारे कुलकर्णी हे जात्या क्षेत्रीय निरीक्षक होते. मुंबई परिसरातील एका अगदी चिमुकल्या माशाचे होराइक्थिस सेतनाय हे वर्णन त्यांनी १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढच्या काळात लोणावळ्याच्या जलाशयांवर महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे जे काम झाले, त्याच्याशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. खवलचोराचे नामकरण त्यांच्या महसीरविषयक कामाइतके गाजले नाही. पण नदीवर राबणाऱ्या माणसाचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांची इतकी नेमकी सांगड क्वचितच पडते.

माशांना स्थानिक नावे देण्याची ही रीत दख्खनमध्ये जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांच्याकडे १८२४ पासून मुंबई सरकारच्या सांख्यिकी अहवालाचे काम होते. त्या निमित्ताने पुणे, नगर आणि आसपासच्या मुलखात फिरताना त्यांनी पिकांपासून पक्ष्यांपर्यंत दिसेल त्याची नोंद केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८३९ मध्ये संक्षेपाने व १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने छापला. साइक्स यांनी बहुतेक माशांना कोळ्या-भोयांच्या तोंडी असलेली नावेच दिली. शिंगटी, शिंगाळा, घोगरा, टाकरी, गुंगवारी ही नावे त्यांच्या इंग्रजी लेखणीतून लॅटिन वळणाने जगभर गेली आणि आजही जागतिक सूचीत टिकून आहेत. या यादीत मिशावाले मासे भरपूर आहेत, पण खवले खाणारा मासा म्हणून त्यात कुणाचीही नोंद नाही. साइक्स यांच्या निबंधानंतर खवलचोराला स्वतंत्र नाव मिळायला एकशे दहाहून अधिक वर्षे लागली.

याचे कारण हा मासा दुर्मीळ होता असे नव्हे. तो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर माशांत मिसळून जातो, हे खरे कारण. मिशावाल्या माशांच्या ओळखीतील सगळी अडचण इथेच आहे. जगात या गणातील चार हजारांच्या आसपास जाती आहेत आणि खवले नसणे, तोंडाभोवती मिशा असणे, पाठीवर व छातीच्या परांत बहुधा टणक काटा असणे ही लक्षणे त्यांपैकी बहुतेकांना लागू पडतात. ‘मिशा आहेत, म्हणजे शिंगटी’ किंवा ‘मिशा आहेत, म्हणजे मागूर’ असे बाजारातील वर्गीकरण स्वयंपाकाला पुरते. नदीत नेमके काय उरले आहे, हे जाणून घ्यायला ते पुरत नाही.

ओळखीची सुरुवात मिशा मोजण्यापासून करावी. मिशा हे या माशांचे चव घेण्याचे व स्पर्शाचे इंद्रिय असून गढूळ पाण्यात किंवा रात्री अन्न शोधताना डोळ्यांपेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो. मिशांच्या जोड्यांची संख्या कुळानुसार ठरलेली असते. ‘पहाडी’सारख्या मोठ्या जबड्याच्या वालॅगो माशाला दोनच जोड्या असतात. घोगऱ्याच्या रिटा प्रजातीत तीन जोड्या, तर शिंगटी, मागूर आणि खवलचोर या तिघांनाही चार-चार जोड्या. म्हणजे मोजणीने अर्धेच काम होते. पुढे परांकडे पाहावे लागते. मागुराचा पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत जातो आणि त्यात काटा नसतो. शिंगटीचा पाठीवरचा पर आखूड आणि काटेदार. त्याच्या मागे मांसल, बिनकाड्यांचा असा आणखी एक पर असतो. त्याला मेदपक्ष म्हणतात. शिंगटीत हा मेदपक्ष लांबलचक असतो आणि पोटाखालचा गुदपक्ष आखूड. खवलचोरात नेमके याच्या उलट आहे. त्याचा मेदपक्ष इवलासा, नीट न पाहिल्यास नजरेतून सुटणारा, तर गुदपक्ष शरीराच्या मागच्या भागाखालून झालरीसारखा लांब पसरलेला. शरीरही शिंगटीसारखे गोलसर नसून दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. खडकाळ, वेगवान पाण्यातल्या ग्लिप्टोथोरॅक्स माशांशी तर त्याची गल्लत होण्याचे कारणच नाही. त्यांच्या छातीवर दगडाला चिकटून राहण्यासाठी कातडीच्या चुण्यांची चकती असते. सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये वर्णन केलेल्या अशा एका जातीच्या नावात पुण्याचे नाव आहे.

खरी गल्लत होते ती टाकरीशी. साइक्स यांनी नोंदवलेला हा मासा आज प्रोयुट्रोपिइक्थिस टाकरी या नावाने ओळखला जातो आणि तोही कृष्णा खोऱ्यात आढळतो. चपटे अंग, चार जोड्या मिशा, लांब गुदपक्ष, आखूड मेदपक्ष ही सारी लक्षणे दोघांत सारखीच. टाकरी बराच मोठा होतो. परंतु टाकरीची पिल्ले आणि पूर्ण वाढलेले खवलचोर एकाच पाटीत असतील तर केवळ आकारावरून निवाडा करता येत नाही. अशा वेळी तोंड उघडून दातांची ठेवण पाहावी लागते. या माशांचे दात सुटे नसून बारीक दातांचे पट्टे जबड्यावर आणि टाळूवर असतात. त्या पट्ट्यांचा आकार, रुंदी आणि ते मध्ये तुटलेले आहेत की सलग, यावर प्रजाती ठरतात. हे काम भिंगाखालीच करावे लागते. उत्तर व पूर्व भारतातील पॅकिप्टेरस ॲथेरिनॉइडिस हा खवलचोराचा जवळचा नातलग मानला जातो. बंगालमध्ये त्याला बाताशी म्हणतात. त्याच्या अंगावर, विशेषतः लहानपणी, गडद आडवे पट्टे असतात.

खवले खाणे ही सवय प्राणिसृष्टीत विरळ आहे. माशांच्या हजारो जातींपैकी मोजक्याच जातींनी ती स्वीकारली असून त्या एकमेकींच्या फारशा नात्यातल्याही नाहीत. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातला पेरिसोडस मायक्रोलेपिस हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या काही व्यक्तींचे तोंड उजवीकडे वळलेले असते तर काहींचे डावीकडे. उजवीकडे वळलेल्या तोंडाचा मासा सावजाच्या डाव्या कुशीवर झडप घालतो, डावीकडचा उजव्या कुशीवर. एका प्रकारचे हल्लेखोर वाढले की सावजे त्या बाजूने सावध होतात आणि दुसऱ्या प्रकाराचे फावते. अशा रीतीने दोन्हींचे प्रमाण वर्षानुवर्षे निम्म्याच्या आसपास झुलत राहते, असे जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. दक्षिण अमेरिकेतील पिरान्हाच्या गोतावळ्यातही खवले खाणारे मासे आहेत. भारतात काचेसारख्या पारदर्शक अंगाचा, खालचा जबडा पुढे आलेला चंदा नामा हा मासाही इतरांचे खवले तोडतो. मिशावाल्या माशांत मात्र ही सवय फारच थोड्यांना आहे.

खवल्यांत खाण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न साहजिक आहे. खवला म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या थरांवर कॅल्शियम फॉस्फेट बसून तयार झालेली चकती. तिच्यावर कातडीचा पातळ पापुद्रा आणि श्लेष्म्याचा थर असतो. खवल्याबरोबर हे सारे पोटात जाते, म्हणजे प्रथिने आणि क्षार दोन्ही मिळतात. शिवाय सावज मरत नाही. निघालेल्या खवल्याच्या जागी नवा खवला उगवतो. गाय न मारता दूध काढावे तसाच हा प्रकार. फरक इतकाच की गायीच्या वाट्याला वैरण तरी येते. खवले गेलेल्या माशाला मात्र ते पुन्हा उगवण्यासाठी शक्ती खर्चावी लागते आणि उघड्या पडलेल्या कातडीवर बुरशी व जंतूंचा संसर्ग होण्याचा धोका असतो. हल्लेखोराच्या दृष्टीनेही ही शिकार सोपी नाही. प्रत्येक झडपेत मिळणारा घास लहान, आणि सावज बहुधा आपल्याहून मोठे व चपळ.

म्हणूनच खवलचोर केवळ चोरीवर जगत नाही. पुण्यातील प्राणिशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याच्या पचनसंस्थेचा सूक्ष्मदर्शकाखाली तपशीलवार अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खवले आणि मांसाहार अशा दुहेरी आहारासाठी या माशाच्या अन्ननलिकेची रचना पुरेशी सक्षम आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. मच्छीमारांनी दिलेल्या नावाला सुमारे सात दशकांनी ऊतिशास्त्राचा पुरावा मिळाला, एवढेच नव्हे, तर ते नाव या माशाची निम्मीच गोष्ट सांगते हेही त्यातून स्पष्ट झाले.

शास्त्रीय नावाचा प्रवास तर अजून संपलेला दिसत नाही. कुलकर्णी यांनी स्थापन केलेली निओट्रोपियस ही प्रजाती पुढे स्वतंत्र राहिली नाही. आता हा मासा पॅकिप्टेरस प्रजातीत गणला जातो. म्हणूनच त्याच्या नावापुढे ‘(कुलकर्णी, १९५२)’ असे कंसात लिहिले जाते. प्राणिशास्त्रातील संकेत असा की, वर्णनकर्त्याचे नाव कंसात असेल तर त्याने मूळ जाती वेगळ्या प्रजातीत घातली होती आणि नंतर ती हलवली गेली, असे समजावे. बिनकंसाचे नाव म्हणजे जात मूळच्याच घरात आहे. एवढ्याशा कंसाने कुणाच्या श्रेयाला बाधा येत नाही.

कुळाच्या बाबतीतही असाच फेरबदल झाला. पूर्वी खवलचोर, टाकरी आणि त्यांच्यासारख्या चपट्या माशांना आफ्रिकेतील माशांसह शिल्बिडे या एकाच कुळात ठेवत. २००६ मध्ये मिशावाल्या माशांच्या प्रमुख गटांचा जनुकांच्या आधारे झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर ही मांडणी ढासळली. बाह्य साम्य असलेले आशियाई आणि आफ्रिकी मासे एका वंशाचे नाहीत, असे दिसून आले. खवलचोराचा गोतावळा आता होराबॅग्रिडे कुळात धरतात. या कुळाचे नाव ज्या होराबॅग्रस प्रजातीवरून पडले, तिचा ठळक प्रतिनिधी केरळच्या नद्यांमधला पिवळसर, खांद्यावर मोठा काळा ठिपका असलेला मासा आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारात त्याला मोठी मागणी असते. त्याच्याशेजारी खवलचोर ठेवला तर दोघे भाऊबंद असतील यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. प्रजातीचे नाव भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेल्या होरा यांच्या गौरवार्थ १९५५ मध्ये ठेवले गेले.

नावांची ही उलथापालथ वाचकाला कंटाळवाणी वाटू शकेल, परंतु तिचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. शिंगटीचे उदाहरण बोलके आहे. साइक्स यांनी १८३९ मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले होते. पुढच्या अभ्यासकांनी ती गंगेच्या खोऱ्यातील मिस्टस कॅवेसियस या माशाहून वेगळी नाही, असे ठरवून ते नाव बाद केले. साइक्स यांचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने पडताळा घेणेही कठीण होते. मागे उरले होते ते छापील वर्णन. २००५ मध्ये प्रोसांत चक्रवर्ती आणि हेओक ही एनजी यांनी कॅवेसियस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांची नव्याने तपासणी केली, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या निघाल्या. त्यांत म्यानमारमधील एक जात शास्त्राला सर्वस्वी नवी होती, आणि दख्खनच्या शिंगटीला तिचे साइक्स यांनी दिलेले नाव परत मिळाले. मधल्या काळात महाराष्ट्रातील नद्यांच्या कितीतरी सूचींत तिची नोंद गंगेच्या माशाच्या नावाने होत राहिली. एखादी जात कागदावर उत्तर भारतभर पसरलेली असेल, तर दख्खनच्या एका नदीतून ती नाहीशी झाली तरी कुणाला काळजी वाटत नाही. तीच जात दख्खनपुरती मर्यादित आहे असे कळले, की हिशेब बदलतो.

खवलचोराचा हिशेब असाच नाजूक आहे. त्याचे घर मुख्यतः कृष्णेचे खोरे, आणि त्यातही ज्या पंचगंगेशी त्याचे नाव जोडले गेले, ती नदी महाराष्ट्रातील प्रदूषित नद्यांमध्ये गणली जाते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकार घेते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. हे अंतर फार नाही. एवढ्याशा पट्ट्यात कोल्हापूर आणि इचलकरंजीसारखी शहरे, वस्त्रोद्योग आणि साखर कारखाने यांचा भार नदी वाहते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेकदा आलेल्या आहेत. अशा घटनांनंतर मेलेले मासे जातिवार मोजले जात नाहीत. ‘हजारो मासे मृत’ एवढ्यावर काम भागते. त्यात खवलचोर किती होते, याचा पत्ता लागत नाही.

बाहेरून आलेल्या माशांचा प्रश्न निराळाच. ज्या १९५२ साली खवलचोराला नाव मिळाले, त्याच वर्षी आफ्रिकेतील तिलापिया हा मासा मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला आणि आज तो दख्खनच्या बहुतेक जलाशयांत पोहोचला आहे. आफ्रिकी मागूर त्यानंतर आला. तो अधाशी, झपाट्याने वाढणारा आणि घाणेरड्या पाण्यातही तगणारा. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली, तरी तो चोरवाटांनी तळ्यांत आणि तिथून नद्यांत शिरला. इथेही ओळखीचा प्रश्न येतोच: देशी मागूर म्हणून विकला जाणारा मासा आफ्रिकी असल्याचे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. खवलचोरावर मासेमारीचा ताण कितपत पडतो, याचाही अभ्यास झाला आहे. पंचगंगेतील मच्छीमारांकडून घेतलेल्या माशांची वाढ, मृत्युमान आणि पकडीचे प्रमाण यांचा आढावा घेणारा निबंध प्रसिद्ध झाला आहे. बाजारात कवडीमोलाने जाणाऱ्या बारीक माशावर असे काम होणे, ही भारतात अपवादाची गोष्ट आहे.

नदीकाठी किंवा बाजारात असा मासा दिसल्यास त्याची नोंद उपयोगी पडावी, यासाठी काही पथ्ये पाळावीत. मासा ताजा असतानाच छायाचित्र घ्यावे. मेल्यावर चांदीची झळाळी काही तासांत उतरते आणि फॉर्मॅलिनमध्ये रंग जवळजवळ राहतच नाही. डोके डावीकडे येईल असा तो आडवा ठेवावा, शेजारी मोजपट्टी असावी आणि पर, विशेषतः पोटाखालचा लांब पर, काडीने पसरून घ्यावेत. मिशा तोंडाखाली चिकटून बसतात, त्या मोकळ्या करून एक छायाचित्र खालच्या बाजूने घ्यावे. माशाला छातीच्या परांजवळ पकडू नये. तिथला काटा बोटात शिरला की बराच वेळ ठणकतो. मासा कोणत्या नदीतून, कोणत्या गावाजवळून आला आणि कोणत्या जाळ्यात सापडला, हे विकणाऱ्याला विचारून लिहून ठेवावे. जनुकीय तपासणीसाठी नमुना द्यायचा असेल तर फॉर्मॅलिन उपयोगाचे नाही. तो शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो.

आणि त्याच जाळ्यातील इतर माशांवरही एक नजर टाकावी. एखाद्या माशाच्या कुशीवर दोन-चार खवले जागेवर नसतील, तर ते जाळ्याच्या धाग्याने निघाले असण्याची शक्यता अधिक. परंतु त्या जागी बारीक नवे खवले उगवू लागलेले दिसले, तर ती इजा जाळ्यात सापडण्यापूर्वीची असते.